पाचवी

धरणगावच्या जिनिंगमध्ये वैशाखाची दुपार.
शेवटची गाठ ट्रकवर चढून अकरा दिवस झाले
तरी पत्र्याखालून रुईचा एखादा तंतू
अजून खाली येतो, कुठलीच घाई नसल्यासारखा.

शेठजींनी वही दिली आहे.
'यंदा सगळं कागदावर पाहिजे, मॅडम.'
मी तीन रकाने आखते:
मोडेपर्यंत चालू द्यायचं.
तारखेला बदलायचं.
रोज नाडी बघायची.
समोर चोवीस जिन मशिनी, दोन पंखे, एक प्रेस
आणि उलट्या डब्यावर बसलेला सुपडूमामा,
फडक्याने एकच पाना कधीपासून पुसतोय.

पहिला रकाना सोपा.
बल्ब, भोंगा, सरकीच्या पट्ट्याखालचे रोळे,
गेले तर गेले, पेटीत दुसरे आहेत.
मामा म्हणतो, 'त्यास्नं सुतक नही.'

दुसऱ्यात चामड्याचे रोलर.
कापूस ओढून ओढून त्यांच्या खाचा बुजतात,
किती गाठींनी बुजतात हे मोजता येतं.
सुऱ्यांची धारही तशीच, प्रेसच्या तेलाचा फिल्टरही.
इथे तारीख खोटं बोलत नाही.

अडतं ते पंख्याच्या बेअरिंगपाशी.
कंपनीच्या पुस्तकात छापलंय: चार हजार तासांनी बदला.
मी तेच उतरवायला घेते.
मामा त्या आकड्यावर बोट ठेवतो,
ग्रीसने नख कायमचं काळं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याआधी
हौसेने डावा पंखा उघडला, आतलं सगळं नवं घातलं.
उजव्याला वेळ पुरला नाही.
नवं बेअरिंग तिसऱ्या रात्री तापलं,
साडेचारशे रुपयांचं,
सव्वादोनला एकशे नव्वद गाठी घेऊन गेलं.
उजवं, जुनं, कुरकुरणारं,
अजून फिरतंय.

मग तो सांगतो, जणू बेअरिंगचंच पुढे सांगतोय:
आईची आधीची तीन
पाचवी पुजायच्या आत गेली.
हा चौथा. सुपात घातला,
मूठभर ज्वारीवर शेजारणीला विकला,
संध्याकाळी परत घेतला. म्हणून सुपडू.
'पाच दिन निंघी गयात,
मंग साठ साल निंघनात.'

नवं बेअरिंग बसलं की
पाच दिवस मामा त्याच्याच शेजारी जेवतो.
कळण्याची भाकर, ठेचा,
आणि दोन घासांमध्ये
स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर,
मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले.
'जे बोलस, त्यानं भ्याव नही.
मुकं ऱ्हास त्याले जप.'

मी तारीख खोडते.
तिसऱ्या रकान्यात लिहिते: पंखे, दोन्ही. रोज.
शेजारी शेठजींनी आणखी एक चौकट छापून घेतलीय: कुणी?

जळगावहून कंपनं मोजायचं यंत्र येणार आहे म्हणतात,
हिरवा दिवा, लाल दिवा.
येईल तेव्हा येईल.
मामाचा डावा कान गेलाय हे मला फाल्गुनात कळलं,
भोंगा वाजला, सगळे उठले,
हा मान खाली घालून नट आवळत राहिला.
हाडातून अजून येतं, म्हणतो.
कुणाला सांगू नको, असं म्हणाला नाही.
मीही सांगितलं नाही.

चौकटीत त्याचं नाव लिहिते.
त्याला वाचता येत नाही,
पण किती अक्षरं झाली ते बघतो,
आणि खाली उरलेली जागाही.
उठून उजव्या पंख्याचं बटण दाबतो.
रिकाम्या शेडमध्ये पत्रा थरथरतो,
चिमण्या उडतात.
पाना खिशात, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात.

कानामागे टेकवला.
आधी फक्त माझंच रक्त.
मग, खूप खालून,
कुणीतरी कोरडं धान्य भरडत असल्यासारखं काहीतरी.

'आयकू उनं?'

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन
'हो' म्हणते, आणि वहीखाली पेन्सिल शोधू लागते.